गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी एक्सफोलिएटिंग ॲसिड: पहिल्या तीन महिन्यांचा क्रम

मुरूम बरा होतो, पण त्याच्या जागी राहिलेला काळा डाग महिनोन्‌महिने हलत नाही, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे, आणि ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडची पहिली बाटली बहुधा याच डागांसाठी विकत घेतली जाते. परंतु गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी कोणत्याही दाहाला चटकन प्रतिसाद देतात. दाह मुरमाने झालेला असो, खरचटल्याने असो किंवा झेपणार नाही एवढ्या तीव्र ॲसिडने असो, तो ओसरल्यावर मागे डाग उरण्याची शक्यता असतेच. त्यामुळे डाग घालवायला आणलेल्या बाटलीनेच नवे डाग पडले, असे होऊ शकते. या लेखातील प्रत्येक सूचना एकाच हिशेबाने दिलेली आहे: फायदा महिनाभर उशिरा दिसला तरी चालेल, पण त्वचा एकदाही भाजता कामा नये.

ॲसिड नेमके काय करते

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींच्या साधारण 15 ते 20 पापुद्र्यांचा असतो. खाली तयार झालेली पेशी वर सरकत सरकत अखेर गळून पडायला तरुणपणी सुमारे 4 आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळ लांबतो. या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिनांचे दुवे ॲसिडमुळे सैल होतात, म्हणून त्या न घासताही सुटतात. 1974 मध्ये अमेरिकेतील यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी इक्थिओसिस या, त्वचेवर जाड खवले आणणाऱ्या विकारावर अशा ॲसिडांच्या एका गटाचा उपयोग दाखवून दिला. आज बाटल्यांवर दिसणारी एएचए (अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड) ही अक्षरे त्याच गटाची आहेत. अक्रोडाच्या टरफलाच्या स्क्रबनेही मृत पेशी निघतात, पण त्या घासून. मुरूम असलेल्या चेहऱ्यावर ती घासणी नको, आणि ॲसिड सुरू असताना तर स्क्रब आणि उटणे दोन्ही चेहऱ्यापासून लांब ठेवावीत, दिवाळीच्या अभ्यंगस्नानालासुद्धा.

ॲसिडच लावायचे तर घरात लिंबू आहेच की, असे सुचवणारे घरोघरी भेटतात. लिंबाच्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, 2 च्या जवळपास असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास. त्यातच लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील सोरालेन नावाच्या द्रव्यांवर ऊन पडले की त्वचेवर फोड आणि गडद चट्टे उठू शकतात. दह्यात लॅक्टिक ॲसिड असते खरे, पण थोडे आणि मोजमापाबाहेरचे. दही-बेसन लावायचे असेल तर हौस म्हणून लावावे, उपचार म्हणून नव्हे.

पहिली पायरी: आपण सुरुवात करावी का

इसब किंवा सोरायसिस उठलेला असेल, चेहऱ्यावर जखम असेल, उन्हाने त्वचा नुकतीच होरपळलेली असेल किंवा ओठांच्या कडेला तापाचे फोड आलेले असतील, तर ते पूर्ण बरे होईपर्यंत थांबावे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही ॲसिड लावू नये, कारण त्या काळात त्वचा कोरडी आणि हळवी झालेली असते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी सॅलिसिलिक ॲसिड टाळावे, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत. गर्भवतींनी सॅलिसिलिकची पील (थोडा वेळ लावून धुवायचे तीव्र ॲसिड) आणि अंगभर लावायची उत्पादने वर्ज्य समजावीत, आणि इतर काही लावायचे असल्यास प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर घालूनच लावावे.

आणखी एक गट आहे आणि तो आपल्याकडे लहान नाही. मैत्रिणीने, पार्लरवालीने किंवा औषधाच्या दुकानदाराने सुचवलेले 'गोरे होण्याचे' क्रीम अनेक घरांत वर्षानुवर्षे वापरात असते. अशा कित्येक क्रीममध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे स्टेरॉइड असते, पुष्कळदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या त्वचेच्या औषधांच्या जोडीने. सुरुवातीच्या काही आठवड्यांत चेहरा नितळ आणि उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि क्रीम बंद करताच आग होऊन पुरळ उठते, म्हणून माणूस घाबरून तेच क्रीम पुन्हा आणतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या अनुसूची एच या यादीत घातली, तरी ती सर्रास मिळतात. ज्यांनी असे क्रीम गेल्या काही महिन्यांत वापरले आहे त्यांच्या त्वचेला ॲसिड झेपणार नाही. त्यांनी ते क्रीमही एकाएकी स्वतःच्या मनाने न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. घरातील ट्यूबवरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावी लागली तरी वाचावीत.

दुसरी पायरी: ॲसिडआधीचे तीन आठवडे

ॲसिड आणण्याआधी किमान तीन आठवडे तीनच गोष्टी नियमाने कराव्यात. सौम्य फेसवॉशने चेहरा दिवसातून दोनदा धुवावा. अंगाचा साबण तोंडाला लावू नये, कारण बहुतेक साबणवड्यांचा सामू 9 ते 10 असतो आणि त्याने त्वचेचे संरक्षक आवरण आधीच दुखावलेले असते. त्यानंतर ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत जेल पुरते, तर विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात आणि थंडीत क्रीमच लागते.

तिसरी गोष्ट सनस्क्रीन, आणि ज्यांना ती रोज लावणे जमणार नाही त्यांनी ॲसिडचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एएचएच्या नियमित वापराने त्वचा अतिनील किरणांना अधिक हळवी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये उत्पादकांना जी सूचना वेष्टनावर छापायला सांगितली, तीत सनस्क्रीन लावण्याबरोबरच वापर थांबवल्यानंतरही आठवडाभर उन्हापासून जपण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्यातील दुपारी अतिनील निर्देशांक 10 च्या वर जातो, आणि पावसाळ्यातील ढगांतूनही या किरणांचा मोठा भाग खाली पोहोचतोच. एसपीएफ 30 किंवा अधिक, आणि 'PA' या, यूव्हीए किरणांपासूनचे संरक्षण दाखवणाऱ्या अक्षरांपुढे किमान तीन अधिक चिन्हे (+++) असलेले सनस्क्रीन तर्जनी व मधल्या बोटावर लांबीभर काढावे. चेहरा आणि मानेला एवढे लागते, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. बाहेर फिरायचे असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात आणि साध्या सनस्क्रीनने तो अडत नाही, म्हणून जुने डाग किंवा वांग असलेल्यांना लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. दुचाकीवर स्कार्फ बांधण्याची पुणेरी पद्धत उन्हाला उत्तम, पण स्कार्फ सनस्क्रीनच्या जागी नव्हे तर त्यावरून बांधायचा, आणि तो मऊ व रोज धुतलेला असावा.

तिसरी पायरी: कोणते ॲसिड

निवडीचा गोंधळ वाटतो तेवढा नाही. त्वचा तेलकट असेल, नाकावर ब्लॅकहेड्स आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या असतील, तर सॅलिसिलिक ॲसिड घ्यावे. त्याचा गट बीएचए (बीटा हायड्रॉक्सी ॲसिड) म्हणून ओळखला जातो. ते तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने बुजलेल्या रंध्रात उतरून आतील गठ्ठा सैल करते. मुरमांसाठी 0.5 ते 2 टक्के ही त्याची रूढ मर्यादा आहे. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी सॅलिसिलिकच्या फेसवॉशपासून सुरुवात करावी, कारण ते मिनिटभरात धुतले जाते.

एएचए गटात रेणूचा आकार महत्त्वाचा ठरतो. ग्लायकोलिकचा रेणुभार 76, लॅक्टिकचा 90 आणि मँडेलिकचा 152 आहे. रेणू जितका लहान तितका तो वेगाने आत शिरतो आणि चुरचुरण्याची शक्यताही वाढते. सर्वत्र ग्लायकोलिकचा बोलबाला असला तरी गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या नवशिक्याने त्याने सुरुवात करू नये. मुरूम आणि डाग दोन्ही असतील तर 5 ते 10 टक्के मँडेलिक, आणि त्वचा कोरडी असून केवळ निस्तेज व खरखरीत वाटत असेल तर 5 टक्के लॅक्टिक, ही माझी पहिली पसंती आहे. लॅक्टिक ॲसिड त्वचेत ओलावाही धरून ठेवते. सहज चिडणाऱ्या त्वचेसाठी ग्लुकोनोलॅक्टोनसारखी पीएचए (पॉलिहायड्रॉक्सी ॲसिड) गटातील मोठ्या रेणूंची ॲसिडे आहेत, त्यांचे काम हळू चालते पण त्रास क्वचित होतो. ॲझेलेइक ॲसिड याच रांगेत विकले जात असले तरी त्याचा भर पापुद्रे सोडवण्यापेक्षा मुरूम आणि रंगद्रव्य आवरण्यावर आहे. केवळ डागांचीच काळजी असलेल्यांनी त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

एका वेळी एकच ॲसिड घ्यावे. 30 टक्के एएचए आणि 2 टक्के बीएचए असलेली लाल रंगाची पील समाजमाध्यमांवर फार लोकप्रिय आहे. ती 10 मिनिटांत धुवायची असते, आणि पहिल्या वर्षात तिच्या वाटेला जाऊच नये.

चौथी पायरी: बाटली वाचणे

बाटलीवरील टक्केवारी ही अर्धीच माहिती असते. मिश्रणातील जेवढा भाग मुक्त ॲसिडच्या रूपात असतो तेवढाच पापुद्रे सोडवण्याचे काम करतो, आणि तो भाग किती हे सामूवर ठरते. ग्लायकोलिकच्या बाबतीत सामू 3.8 च्या आसपास असताना सुमारे निम्मा भाग मुक्त असतो, तर सामू 4.8 झाला की तो दहाव्या हिश्शाच्या जवळ येतो. म्हणजे 10 टक्के लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक दुसरीपेक्षा कित्येक पटींनी तीव्र असू शकते. सौंदर्यप्रसाधनांतील घटकांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने 1998 मध्ये ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी घरगुती वापराची मर्यादा ठरवली ती 10 टक्क्यांपर्यंत आणि सामू 3.5 पेक्षा कमी नाही अशी. ज्या बाटलीवर टक्केवारी आणि सामू दोन्ही छापलेले असतील ती घ्यावी, आणि उत्पादन परवाना, बॅच क्रमांक व मुदत पाहूनच पैसे द्यावेत.

औषधाच्या दुकानात ग्लायकोलिकची 6 आणि 12 टक्क्यांची क्रीम मिळतात. त्यांपैकी 12 टक्क्यांचे नवशिक्यासाठी नाही. त्याच फडताळात कुरूप आणि चामखीळ जाळण्याचे द्रावण असते, ज्यात सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड प्रत्येकी 16 ते 17 टक्के असते. नावे तीच पाहून ते स्वस्तात मिळाले म्हणून चेहऱ्याला लावणे म्हणजे चेहरा जाळून घेणे. भेगाळलेल्या टाचांसाठीचे सॅलिसिलिकचे मलमही टाचांसाठीच ठेवावे. दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञ 20 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत ग्लायकोलिक वापरतात, पण ते घड्याळ लावून, त्वचेकडे डोळे लावून. तीच बाटली ऑनलाइन मागवता येते म्हणून ती घरी वापरण्याजोगी होत नाही.

पाचवी पायरी: पॅच टेस्ट

कानामागे किंवा जबड्याच्या कडेखाली नाण्याएवढ्या जागेवर एक थेंब रात्री लावावा, एक रात्र सोडून पुन्हा त्याच जागी लावावा, आणि असे तीनदा करावे. एकदाच लावून पाहिल्याने उपयोग होत नाही, कारण ॲलर्जी दिसायला 48 तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो आणि साठत जाणारा त्रास तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच कळतो. त्या जागी खाज, फोड किंवा तपकिरी सावट दिसले तर ती बाटली चेहऱ्यासाठी नाही.

सहावी पायरी: पहिली रात्र

दुसऱ्या दिवशी उन्हात जायचे नसेल आणि त्या दिवशी दाढी, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलेले नसेल अशी रात्र निवडावी. चेहरा साध्या पाण्याने व फेसवॉशने धुऊन मऊ कापडाने टिपावा आणि दहा मिनिटे तसाच राहू द्यावा. ओलसर त्वचेत ॲसिड लवकर शिरते आणि नवशिक्यांना होणारा चुरचुरण्याचा निम्मा त्रास या घाईतून येतो. नाकपुड्यांच्या बाजूची खाच, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा, कारण ओघळलेले ॲसिड नेमके तेथे साचते. कोरड्या तळहातावर तीन थेंब घेऊन ते कपाळ, गाल आणि हनुवटीवर पसरावेत. पापण्या, ओठ आणि मान वगळावी. डागावर जास्त आणि बाकी चेहऱ्यावर कमी असे करू नये. त्यानंतर दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर लावावे, आणि त्वचा हळवी असल्यास ॲसिडच्या आधीही एक पातळ थर द्यावा, त्याने तीव्रता थोडी बोथट होते.

दोन-तीन मिनिटे हलके चुरचुरणे चालण्यासारखे आहे. आग होऊ लागली किंवा चुरचुर वाढतच गेली तर नळाच्या थंड पाण्याने पाच-दहा मिनिटे चेहरा धुवावा. खाण्याचा सोडा लावून ॲसिड 'मारण्याचा' प्रयत्न करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सनस्क्रीन चुकवायचे नाही, घरात बसायचे असले तरी.

पुढचे आठवडे

पहिले तीन आठवडे आठवड्यातून एकच रात्र, त्यानंतर त्वचा शांत असेल तर दोन रात्री, आणि दोन महिन्यांनंतर फार तर तीन. रोज वापरण्याची गरज मला तरी सहसा दिसत नाही. रेटिनॉल, ॲडापॅलिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारखे मुरूम-सुरकुत्यांवर लावायचे काही सुरू असेल तर ॲसिडच्या रात्री ते लावू नये, आणि सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत शक्यतो ॲसिड आणि त्यांपैकी काही अशी सरमिसळ नकोच. सीरममध्ये असणाऱ्या नायसिनामाइडचे (ब3 जीवनसत्त्वाचा प्रकार) वावडे नाही. चेहऱ्याचे वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच किंवा फेशियल यांच्या आधी आठवडाभर ॲसिड बंद ठेवावे आणि नंतर चार-पाच दिवसांनी सुरू करावे. वॅक्सबरोबर सैल झालेली त्वचाही निघून येते आणि वरच्या ओठावर त्याचा काळा पट्टा उमटतो. घरात लग्न असेल तर मुहूर्ताच्या आधीच्या दोन महिन्यांत काहीही नवे सुरू करू नये. एप्रिल-मेच्या उन्हात कामानिमित्त दिवसभर बाहेर राहणाऱ्यांनी पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली तर बरे.

बिघडले हे कसे ओळखावे

इंग्रजी माहितीत सगळीकडे लाली हे धोक्याचे चिन्ह सांगितलेले असते, परंतु सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. तिथे स्पर्श आणि संवेदना यांवर विसंबावे लागते. सकाळी तोंडावर साधे पाणी मारताच चुरचुरणे, कालपर्यंत चालणारे मॉइश्चरायझर झोंबणे, हसताना गाल ताणल्यासारखे वाटणे, कपाळावर तेल नसतानाही ओढलेली, कोरडी चकाकी येणे, आणि तोंडाभोवती किंवा नाकाच्या बाजूंना मळकट तपकिरी छटा दिसू लागणे, यांपैकी एकही गोष्ट जाणवली तरी त्याच दिवशी ॲसिड थांबवावे. त्यानंतर दोन ते चार आठवडे फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. कोरफडीचा गर, हळद, बर्फ वा नवे सीरम असे काही नको. त्वचा सावरल्यावर पुन्हा सुरुवात करायची ती आठवड्याला एक रात्र या टप्प्यापासून, आणि शक्य असल्यास अधिक सौम्य ॲसिडने.

सुरुवातीला थोडे मुरूम वाढणे वेगळे. आत दडलेल्या पुटकुळ्या लवकर वर येतात, त्या नेहमीच्याच जागी येतात, लहान असतात आणि साधारण सहा आठवड्यांत ओसरतात. ज्या जागी कधी मुरूम येत नव्हते तिथे खाजणारे पुरळ उठले, तर ते 'पर्जिंग' आहे असे मानून रेटत राहू नये.

किती दिवसांत काय दिसेल

त्वचेचा खरखरीतपणा महिनाभरात कमी झालेला बोटांना जाणवतो. मुरमांत फरक पडायला 6 ते 12 आठवडे लागतात. तपकिरी डाग फिकट व्हायला अनेक महिने जातात, आणि राखाडी-निळसर दिसणारे डाग खोलवरचे असल्याने बाटलीतील ॲसिड तिथवर पोहोचतच नाही. मुरमांनी पडलेले खड्डेही यांनी भरत नाहीत. दोन्ही गालांवर सममितीने पसरलेले वांग असेल तर नुसत्या ॲसिडवर वेळ घालवू नये, कारण ऊन, उष्णता आणि संप्रेरके यांचा त्यात हात असतो आणि चिडलेल्या त्वचेत ते अधिक गडद होते. त्वचेचा मूळ रंग यांपैकी कशानेही बदलत नाही, वेष्टनावर काहीही छापलेले असो.

दर दोन आठवड्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी चेहऱ्याचा फोटो काढून ठेवावा, कारण रोज आरशात पाहताना हळू होणारा बदल कळत नाही. तीन महिने नेमाने वापरूनही फोटोंत फरक दिसत नसेल, मुरूम गाठीसारखे आणि दुखणारे असतील किंवा जुन्या डागांभोवती नवी काळी छटा येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. जाताना हे फोटो आणि सध्या वापरात असलेल्या व बंद केलेल्याही सर्व बाटल्या-ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात; 'ते निळ्या झाकणाचे क्रीम' एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.